जोडीचं औषध: क्षयरोगाच्या उपचारातून काय शिकायचं

गेल्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका गृहस्थांनी मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. औषधांच्या इतिहासात तुमचं काय काम?" प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यभर कार्यकारणभाव शिकवला. फळ्यावर धूर आणि अग्नी काढून काढून खडू झिजवले. एका कार्याला एक कारण, ही आपल्या मनाची आवडती मांडणी. रोग एक, त्याचा जंतू एक, तेव्हा औषधही एकच असायला हवं. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही मांडणी कुठे सपशेल कोसळली असेल, तर ती क्षयरोगाच्या उपचारात. म्हणून मी इकडे आलो.

आज आपल्याकडे क्षयाच्या नव्या रुग्णाला पहिले दोन महिने चार औषधं देतात, पुढचे चार महिने तीन. चार कशाला, असं कुणालाही विचारून बघा. उत्तर येतं, "रोग मोठा ना, म्हणून औषधं जास्त." म्हणजे एक माणूस गाडी ढकलू शकत नाही म्हणून चौघांनी ढकलायची. हे उत्तर ऐकायला बरोबर वाटतं, पण ते चुकीचं आहे. आणि या चुकीच्या उत्तरापायी माणसं गेली आहेत. आज मला एवढंच सांगायचं आहे.

आधीचा काळ मी भराभर ओलांडतो. 24 मार्च 1882 या दिवशी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. पाचच वर्षांनी, फेब्रुवारी 1887 मध्ये, आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी पुण्यात याच रोगानं गेल्या. जंतू सापडला म्हणून उपाय सापडला असं होत नाही. पुढची साठेक वर्षं उपाय म्हणजे सॅनिटोरियम: मोकळी हवा, अंथरुणावर पडून राहणं, दूध, अंडी. आपल्याकडे पाचगणी आणि मिरज ही नावं त्या काळी घराघरांत दबक्या आवाजात घेतली जात. काही रुग्णांचं फुफ्फुस हवा भरून मिटवून ठेवत, म्हणजे त्याला विश्रांती मिळेल. काहींना गुण येई, बरेच जात.

मग 1943 साली अमेरिकेत रटगर्स इथे सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्याला मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. श्रेय कुणाचं यावरून गुरुशिष्यांत पुढे कोर्टकचेरी झाली, नोबेल मात्र 1952 मध्ये एकट्या वॅक्समनना मिळालं. तो एका वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आज त्यात शिरत नाही. आपल्याला हवी आहे ती ब्रिटनमधली चाचणी.

महायुद्धानंतर ब्रिटनकडे डॉलर नव्हते, त्यामुळे औषध थोडं आणि रुग्ण फार. तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं ठरवलं की सगळ्यांना देण्याइतकं औषध नाहीच, तर निदान त्याचा गुण नीट मोजू या. संख्याशास्त्रज्ञ होते ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. पहिल्या महायुद्धात त्यांना स्वतःला क्षय झाला होता आणि डॉक्टर व्हायचा बेत त्यामुळेच सोडावा लागला होता. रुग्ण निवडले 107, बहुतेक तरुण, दोन्ही फुफ्फुसांत रोग वेगानं पसरत चाललेला. कुणाला औषध आणि कुणाला नुसती विश्रांती, हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवरून ठरे. 55 जणांना स्ट्रेप्टोमायसिन, 52 जणांना नाही.

सहा महिन्यांनी हिशेब केला. औषधाच्या गटातले 4 जण गेले होते, विश्रांतीच्या गटातले 14. हे निष्कर्ष ऑक्टोबर 1948 मध्ये प्रसिद्ध झाले. हजारो वर्षांच्या रोगावर पहिल्यांदा औषध लागू पडलं होतं. पेढे वाटावेत असाच निकाल.

पण त्याच अहवालात दुसरी एक गोष्ट होती. औषध घेणारे रुग्ण पहिले दोनतीन महिने झपाट्यानं सुधारत, ताप उतरे, वजन वाढे. आणि मग त्यातल्या बऱ्याच जणांची गाडी उलटी फिरे. त्यांच्या बेडक्यातले जंतू प्रयोगशाळेत तपासले तर ते स्ट्रेप्टोमायसिनला दाद देत नव्हते. औषध तेच, माणूस तोच, जंतू मात्र आता वेगळे. या रुग्णांकडे पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा औषधाच्या 55 पैकी 32 मरण पावले होते, आणि विश्रांतीच्या 52 पैकी 35. हे आकडे जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. सहा महिन्यांवर जमीनअस्मानाचा फरक, पाच वर्षांवर तो जवळजवळ पुसलेला. खरं औषध, खरा गुण, आणि तरीही अखेर हार.

हे का झालं? आपली सहज समजूत अशी असते की जंतूंना औषधाची सवय होते. दारू पिणाऱ्याला जशी दारू चढेनाशी होते तसं. ही समजूत चुकीची आहे. 1943 सालीच साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्र्युक यांनी वेगळ्याच जंतूंवर एक सुरेख प्रयोग करून दाखवलं होतं की संकटाला दाद न देणारे जंतू संकट यायच्या आधीच, आपोआप, योगायोगानं तयार झालेले असतात. संकट त्यांना घडवत नाही, फक्त निवडतं. क्षयाच्या जंतूंचंही तसंच आहे. औषध जंतूला बंडखोर बनवत नाही. बंडखोर गर्दीत आधीपासून असतो. औषध बाकीच्यांना मारून त्याला मोकळं रान करून देतं.

आता थोडं गणित, घाबरू नका. ढोबळमानानं धरा की दहा लाख जंतूंत एखादा जन्मतःच स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारा असतो. रोगानं पोखरलेल्या फुफ्फुसाच्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असतात. म्हणजे पहिलं इंजेक्शन टोचायच्या आधीच आत शंभर बंडखोर बसलेले आहेत. औषध बाकीच्या जवळजवळ दहा कोटींना मारतं, रुग्णाला बरं वाटतं, घरचे देवाला नारळ फोडतात. आणि ते शंभर वाढत राहतात. दोनतीन महिन्यांनी पोकळी पुन्हा भरते, पण आता सगळी त्यांच्याच वंशाची.

समजा दुसरं एक औषध आहे, आणि त्यालाही दाद न देणारा दहा लाखांत एखादाच. दोन्हींना एकाच वेळी दाद न देणारा किती जंतूंत एक असेल? वीस लाखांत नव्हे. दहा लाख गुणिले दहा लाख, म्हणजे एक लाख कोटींत एक! एवढे जंतू पोकळीत नसतातच. पहिल्या औषधातून सुटलेल्या शंभरांना दुसरं औषध मारतं, दुसऱ्यातून सुटलेल्यांना पहिलं. ही बेरीज नाही, गुणाकार आहे. गाडी ढकलणारे चौघे हा दाखला इथे लागूच पडत नाही. दुसरं औषध पहिल्याचं बळ वाढवायला आलेलं नाही, ते पहिल्याच्या पाठीशी पहाऱ्याला उभं आहे.

अर्थात गुणाकाराला एक अट आहे. दोन औषधांचे मार्ग स्वतंत्र हवेत. दाराला दोन कुलपं लावलीत पण दोन्हींच्या किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवल्यात, तर चोराला दोन कुलपं काय आणि एक काय. पॉल एर्लिख यांनी 1913 सालीच, लंडनच्या वैद्यकीय परिषदेत, जंतूंवर वेगवेगळ्या ठिकाणी घाव घालणारी औषधं एकत्र द्यावीत असं सुचवलं होतं, आणि त्यासाठी वेगळे निघा, एकत्र तुटून पडा या लष्करी डावपेचाचा दाखला दिला होता. त्या वेळी त्यांच्या हातात पुरेशी औषधंच नव्हती.

क्षयासाठी दुसरं औषध स्वीडनमध्ये मिळालं. गोथेनबर्गच्या यॉर्गेन लेहमान यांनी अॅस्पिरिनच्या कुळातलं पॅरा-अमायनो-सॅलिसिलिक अॅसिड तयार करवून घेतलं. सगळे त्याला पीएएस म्हणत. एकट्यानं द्यायचं तर हे औषध दुबळं. रोज दहाबारा ग्रॅम खावं लागे, चव भयंकर, पोट बिघडे. अशा औषधाची स्ट्रेप्टोमायसिनशी जोडी लावून ब्रिटनमध्ये पुन्हा चाचणी झाली, ती 1950 मध्ये प्रसिद्ध झाली. नुसत्या स्ट्रेप्टोमायसिनच्या 49 रुग्णांपैकी 33 जणांत दाद न देणारे जंतू निघाले. जोडीनं औषध घेतलेल्या 48 जणांत फक्त 5.

मला या आकड्यांत एक गोष्ट फार मोलाची वाटते. दुबळं औषध बलवानाला वाचवतं. पीएएसचा स्वतःचा पराक्रम बेताचा, पण ज्या मूठभर जंतूंपुढे स्ट्रेप्टोमायसिन हतबल, त्या मूठभरांना पुरून उरण्याइतकी ताकद त्याच्यात होती. आपल्या न्यायदर्शनात जयंत भट्टांनी सामग्रीची कल्पना मांडली आहे. ते ज्ञानाच्या साधनाबद्दल बोलत होते, औषधाबद्दल नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण कारण म्हणजे एखादा नायक नसून जमलेला अख्खा संच, ही दृष्टी मला या आकड्यांकडे बघताना नेहमी आठवते.

तिसरं औषध आयसोनियाझिड. त्याची कथा मजेशीर आहे. 1912 साली प्राग इथे दोन रसायनशास्त्रज्ञांनी ते तयार केलं आणि बाजूला ठेवून दिलं. चाळीस वर्षं ते कागदावर पडून होतं. 1951-52 च्या सुमाराला तीन वेगवेगळ्या कंपन्यांना जवळपास एकाच वेळी कळलं की क्षयाच्या जंतूवर हे जबरदस्त चालतं. पदार्थ जुनाच, त्यामुळे त्यावर पेटंट कुणालाच घेता येईना आणि औषध स्वस्त राहिलं. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात मरणाच्या दारातले रुग्ण उठून नाचल्याचे फोटो वर्तमानपत्रांत झळकले. लगेच पुन्हा तोच मोह झाला: आता हे एकटं पुरेल! पुरलं नाही. एकटं दिलं की त्यालाही दाद न देणारे जंतू काही महिन्यांत हजर. एडिंबरामध्ये जॉन क्रॉफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिन्ही औषधं एकदम द्यायला सुरुवात केली, प्रत्येक रुग्णाच्या जंतूंची कसून तपासणी ठेवली, आणि म्हटलं की जवळपास प्रत्येक रुग्ण बरा करता येतो. पुष्कळ डॉक्टरांना ती बढाई वाटली. ती बढाई नव्हती.

इथून मी मद्रासला येतो, कारण या इतिहासातलं एक मोठं पाऊल तिथे पडलं. सरकारपुढे प्रश्न असा होता की रुग्ण लाखांनी, आणि सॅनिटोरियमच्या खाटा काही हजार. औषधांची जोडी घरी राहून घेतली तर चालेल का? 1956 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून मद्रासला केंद्र काढलं. प्रमुख होते वॉलेस फॉक्स. शहरातल्या गरीब वस्त्यांमधले 193 रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकून निम्मे सॅनिटोरियमला पाठवले, निम्मे घरी ठेवले. दोघांनाही वर्षभर तीच जोडी, आयसोनियाझिड आणि पीएएस. सॅनिटोरियमवाल्यांना सकस जेवण, विश्रांती, नर्सची देखरेख. घरच्यांना तीच दाटीवाटीची खोली, तोच अपुरा घास, आणि बऱ्याच जणांना कामावरही जावं लागे.

वर्षअखेरीस सॅनिटोरियमच्या गटात 92 टक्के रुग्णांचा रोग थंडावला होता, घरच्या गटात 86 टक्के. घरच्या माणसांवर पाच वर्षं नजर ठेवली; रुग्ण घरात राहिला म्हणून त्यांना जास्त लागण झाली नव्हती. शंभर वर्षांचा हवा, दूध, अंडी आणि डोंगराचा बडेजाव एका चाचणीनं उतरवला. लोक समजत होते की बरं करणारी पाचगणीची हवा आहे. निदान औषधांची जोडी हाती आल्यावर तरी तसं उरलं नव्हतं.

पण फॉक्स यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली, आणि ती मला चाचणीच्या निकालाइतकीच महत्त्वाची वाटते. त्यांची माणसं रुग्णांच्या घरी अवचित जात, उरलेल्या पुड्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेलं का ते बघत. आणि दिसायचं की बरेच जण औषध नेमानं घेत नाहीत. यातला खरा धोका कुठे आहे बघा. दोन्ही औषधं एकदम सोडली तर उपचार थांबला, हे वाईटच. पण दोनातलं एकच सोडलं तर ते त्याहून वाईट ठरू शकतं, कारण तुम्ही रुग्णाला नकळत 1948 सालात परत नेता.

आमच्या घरचं एक उदाहरण सांगतो. आमच्या धाकट्या मामांना 1960 च्या सुमाराला क्षय झाला. त्यांचं ताट-पेलं वेगळं असे, आम्हा मुलांना त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यापलीकडे जायची मनाई. इंजेक्शनला ते रोज न चुकता जात. पीएएसच्या पुड्या मात्र त्यांना सोसवत नसत, मळमळायचं. मामीनं खूप वर्षांनी आईला सांगितलं की ते त्या पुड्या मोरीत टाकून पाणी ओतायचे. पहिले काही महिने मामा चांगले सुधारले, अंगावर मांस चढलं. मग पुन्हा खोकला सुरू झाला. 1963 मध्ये ते गेले. घरात सगळे म्हणत, इतकी इंजेक्शनं घेतली तरी उपयोग झाला नाही. ब्रिटिश चाचणीचे ते आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पन्नाशीच्या पुढे होतो, आणि पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो. मामांना कुणी सांगितलंच नव्हतं की पुडी इंजेक्शनसाठी आहे. त्यांना वाटलं, मोठं औषध घेतोय, लहान राहिलं तर राहिलं.

म्हणून दोन औषधं एकाच गोळीत घालायची कल्पना पुढे आली. यात सोयीपेक्षा मोठा हेतू आहे: रुग्णाला निवड करताच येऊ नये. मराठीत जोडगोळी म्हणतात ती बहुधा दोन खट्याळ मित्रांची. इथे ती शब्दशः खरी ठरली.

यानंतर 1960 च्या दशकात रिफॅम्पिसिन आलं. ते इटलीतल्या लेपेटिट कंपनीच्या शोधातून निघालं, आणि त्याच्या कुळाचं नाव रिफिफी नावाच्या एका फ्रेंच चित्रपटावरून पडलं. पायराझिनामाइड जुनंच होतं, यकृताला जड म्हणून मागे पडलेलं. 1970 पासून पूर्व आफ्रिकेत फॉक्स आणि डेनिस मिचिसन यांनी नव्या जोड्या लावून पाहिल्या आणि दीडदोन वर्षांचा उपचार हळूहळू सहा महिन्यांवर आला. इथे एकत्र देण्याला दुसरं कारण मिळालं. मिचिसन यांचं म्हणणं असं की शरीरातले सगळे जंतू एका अवस्थेत नसतात. काही भराभर वाढतात, त्यांना आयसोनियाझिड मारतं. काही डुलक्या घेत मधूनच जागे होतात, तिथे रिफॅम्पिसिन. काही आम्लात दडून बसलेले, तिथे पायराझिनामाइड. म्हणजे पहाऱ्याच्या जोडीला आता कामाची वाटणीही आली.

आता आपल्या अंगणात. 1991 मध्ये मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मुंबईच्या झोपडपट्टीतल्या 100 खासगी डॉक्टरांना विचारलं, क्षयाच्या रुग्णाला काय लिहून द्याल? 100 डॉक्टरांनी 80 वेगवेगळे नुस्खे लिहिले. जवळपास वीस वर्षांनी धारावीत हा प्रश्न पुन्हा विचारला गेला. 106 डॉक्टर, 63 नुस्खे, आणि त्यातले बरोबर लिहिणारे फक्त 6. मला या डॉक्टरांना नावं ठेवायची नाहीत. नुस्ख्यात औषधं कमी नसत, उलट पुष्कळ असत. पण ती एकत्र का द्यायची याचा धागा हरवलेला. शब्द भरपूर, वाक्य नाही.

आणि यातूनच सर्वांत घातक चूक होते, तीही चांगल्या हेतूनं. रुग्ण खालावतो आहे. डॉक्टर विचार करतात, आहेत ती औषधं पुरत नाहीत, अजून एक जोडू. बेरजेनं विचार केला तर हे शहाणपणाचं वाटतं. गुणाकारानं विचार करा. आधीची औषधं चालत नाहीत याचा अर्थ जंतू त्यांना दाद देत नाहीत. मग नवं औषध कागदावर पाचवं असलं तरी पोकळीत एकटंच आहे. दोनतीन महिने बरं वाटेल आणि तेही हातचं जाईल. मग सहावं. अशा रीतीनं एकेक औषध वाया घालवत आपण शेवटच्या औषधापर्यंत पोचतो. 2011 च्या अखेरीस मुंबईतल्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी चार रुग्णांविषयी लिहिलं, ज्यांचे जंतू तपासलेल्या कुठल्याच औषधाला दाद देत नव्हते. त्या रोगाला काय नाव द्यावं यावर वाद झाला. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यातल्या तिघांना आधी ठिकठिकाणच्या डॉक्टरांकडून राखीव औषधं अशीच सुटीसुटी, एकेक करून मिळाली होती.

तेव्हा कुणी विचारलं, औषधं एकत्र देणं चांगलं की वाईट, तर तो प्रश्नच मला नीट वाटत नाही. मार्च 2016 मध्ये आपल्या सरकारनं 344 संयुक्त औषधांवर बंदी घातली, बरीचशी सर्दी-खोकला-तापाची. दुकानात वर्षानुवर्षं विकली जाणारी. त्यांना एकत्र असण्याचं पटण्याजोगं कारण दाखवता आलं नाही, हा आक्षेप होता. उलट 2019 मध्ये अमेरिकेत प्रेटोमॅनिड या क्षयाच्या नव्या औषधाला परवानगी मिळाली तेव्हा ती त्याला एकट्याला मिळालीच नाही. बेडाक्विलिन आणि लिनेझोलिड यांच्या सोबतच ते द्यायचं, असं परवानगीतच लिहिलेलं आहे. कठीण क्षयाचे जे रुग्ण पूर्वी दीड-दोन वर्षं इंजेक्शनं आणि मूठमूठभर गोळ्या घेत, त्यांचा उपचार या जोडीनं सहा महिन्यांवर आला, आणि आता ती आपल्याकडेही मिळू लागली आहे.

घड्याळ पुढे गेलेलं दिसतंय, आणि मागच्या बाजूला दोन हात वर झालेत. थांबतो. आधी त्या ताई, मग तुम्ही.